संगणकाच्या वेशीवरची राखण : दोन यंत्रे असूनही काम का अडते?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाचे वाचन चालू असताना एका वडीलधाऱ्या सभासदांनी उभे राहून प्रश्न केला, "संगणक खात्यात फायरवॉल नावाची पेटी एक होती. आता दुसरी घेतली. ती नुसती बसून राहती म्हणता. बसून राहणाऱ्या पेटीला पैसा कशापायी?" सभेत हशा पिकला. पाठोपाठ एका तरुण सभासदाने विचारले, "दोन पेट्या होत्या, तरी डिसेंबरात त्या रात्री चिठ्ठ्या का अडकल्या?" त्यावर मात्र कोणी हसले नाही. वेळेअभावी तेव्हा पुरते उत्तर देता आले नाही. ते या अंकात देत आहोत.

आम्ही शेतकी विभागाची माणसे. बेणे, लागण, खत, पाणी हा आमचा विषय. संगणक हा नव्हे. पण चिठ्ठी अडली की सभासद संगणक खात्याकडे जात नाहीत, गट ऑफिसात आमच्याकडेच येतात. म्हणून संगणक खात्यातील मंडळींच्या शेजारी बसून, शंका विचारून विचारून, आम्ही हा विषय समजून घेतला. जो आम्हाला समजला तो आपल्यालाही समजेल, एवढी खात्री आहे.

अडते ते नेमके काय?

नोंदलेल्या उसाची तोडणी चिठ्ठी आता गटातील स्लिपबॉयच्या मोबाईलवर तयार होते. ती इंटरनेटच्या वाटेने कारखान्यातील मुख्य संगणकात येते. तिच्यावरून वाहनाला यार्डात नंबर मिळतो. काट्यावर झालेले वजन त्याच खात्यावर चढते, सभासदाच्या मोबाईलवर संदेश जातो, आणि पुढे त्याच नोंदीवरून बिल निघते.

येथे एक गैरसमज आधी दूर करू. इंटरनेट बंद पडले म्हणून काटा चुकत नाही. काटा कारखान्याच्या आवारातच मुख्य संगणकाला जोडलेला आहे. त्याचे वजन आणि बाहेरची लाईन यांचा काही संबंध नाही. अडते ते एवढेच, की गटाकडून चिठ्ठी आली नाही तर वाहन कोणाचे, ऊस कोणत्या प्लॉटचा, हे यार्डात कळत नाही. मग नंबर निघत नाही आणि रांग थांबते.

आणि तोडलेला ऊस थांबून राहत नाही, हे आपल्याला सांगायला नको. तोडीनंतर २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे आपण नेहमी सांगतो, कारण त्यापुढे वजन घटते आणि साखरही उतरते. वजनात नुकसान सभासदाचे, उताऱ्यात नुकसान सर्वांचे. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. नोंदी खोळंबल्या तर हे वेळापत्रकही विस्कटते. म्हणून संगणकाची ही वाट हा आता केवळ ऑफिसचा विषय राहिलेला नाही.

वेस, पहारेकरी आणि दारे

फायरवॉल म्हणजे कारखान्याच्या संगणकांच्या वेशीवरचा पहारेकरी. बाहेरून येणारा प्रत्येक निरोप तो तपासतो. ज्याला परवानगी आहे त्याला आत सोडतो, बाकीच्यांना परत लावतो. कारखान्याच्या गेटवर वॉचमन पास पाहतो, तसेच हे काम.

या पहारेकऱ्याला अनेक दारे सांभाळावी लागतात. प्रत्येक दाराला संगणकाच्या भाषेत इंटरफेस म्हणतात. डोळ्यांना दिसते ती केबल खोचण्याची खाच, म्हणजे पोर्ट. आपल्याकडे अशी चार महत्त्वाची दारे आहेत. दोन दारे बाहेर उघडतात, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाईनींकडे. तिसरे दार आत, मुख्य संगणक आणि ऑफिसकडे. चौथे यार्ड आणि काट्याकडे. यांखेरीज दोन पेट्यांना एकमेकींशी जोडणारी एक वेगळी केबल आहे.

बॉयलरला पाणी देणारा पंप आपण कधी एकटा ठेवत नाही. एक चालतो, दुसरा राखीव असतो. पहिला अडला तर दुसरा लगेच पाणी देतो, नाहीतर बॉयलर धोक्यात येईल. फायरवॉलच्या दोन पेट्यांचे तेच आहे. एक चालू, एक राखीव. दोघींचा बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच असतो. राखीव पेटीने कारभार घेतला की ती "हा पत्ता आता माझ्याकडे आला" अशी दवंडी देते, आणि जोडलेली यंत्रे तिच्याकडे निरोप पाठवू लागतात. चालू असलेल्या कामांची नक्कलही तिच्याकडे आधीपासून जात असते, म्हणजे मधेच काम तुटत नाही.

राखीव पेटीला कळते कसे? चालू पेटी तिला सतत "मी आहे" असा निरोप देत असते. याला हार्टबीट, म्हणजे हृदयाचा ठोका म्हणतात. व्हीआरआरपी नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे. तिच्या मूळ ठरावात हा निरोप दर १ सेकंदाला जातो. सलग ३ निरोप चुकले की सुमारे ३ ते ४ सेकंदांत राखीव यंत्र कारभार हाती घेते. आपल्या पेट्यांची पद्धत त्यांच्या कंपनीची आहे, पण तत्त्व हेच.

ठोका चालू, पण दार बंद

खरी गोम येथे आहे. ठोका ऐकू येतो याचा अर्थ पेटी जिवंत आहे, एवढाच. तिची दारे उघडी आहेत की नाहीत, हे ठोक्यावरून कळत नाही. वॉचमन खुर्चीत जागा बसलेला आहे, पण गेटची बिजागरी अडकून गाड्या बाहेर उभ्या आहेत, अशी ती गत.

म्हणून पेटीला स्पष्ट सांगावे लागते, की या या दारांवर लक्ष ठेव. यातले एक जरी पडले तरी कारभार दुसरीकडे सोपव. जे दार यादीत नाही, ते बंद पडले तरी पेटी आपली जागा सोडत नाही. उलट, जे दार वापरातच नाही ते यादीत चुकून राहिले, तर त्याची केबल कोणी काढताच धडधाकट पेटी विनाकारण कारभार सोडते. तेव्हा ही यादी करणे हे पहिले काम, आणि काही नवे जोडले की ती यादी पुन्हा तपासणे हे दुसरे.

त्या रात्री काय झाले?

आता डिसेंबरातल्या त्या रात्रीचे सांगतो. निफाडकडची डिसेंबरची थंडी आपल्याला ठाऊक आहे. रात्री एकच्या सुमारास गटांकडून चिठ्ठ्या येणे थांबले. यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्या उभ्या. बैलांच्या अंगावर पोती टाकून गाडीवान शेकोटीला बसलेले. आम्ही संगणक खात्यात गेलो. रात्रपाळीच्या मुलाने बोट दाखवून सांगितले, "साहेब, सगळे दिवे हिरवे आहेत. आपल्याकडे काही बिघाड नाही."

दिवे खरेच हिरवे होते. पेटीपासून निघालेली केबल भिंतीवरच्या फायबरच्या डब्यापर्यंत जाते, आणि डबा चालू होता. त्यामुळे पेटीच्या दाराला दिवा होता. तुटली होती ती डब्यापलीकडची फायबर, आवाराच्या बाहेर. पेटीच्या दृष्टीने दार उघडे, म्हणून ती सगळे निरोप त्याच मेलेल्या वाटेवर लोटत राहिली. शेजारची दुसऱ्या कंपनीची लाईन उत्तम चालू असून रिकामी पडून होती.

मग फोनवर कोणी सल्ला दिला, चालू पेटी बंद करून पाहा. केली. राखीव पेटीने तत्परतेने कारभार घेतला, आणि तिनेही निरोप त्याच मेलेल्या वाटेवर धाडले! कारण तिलाही दिवा हिरवाच दिसत होता. शेवटी पावणेचारच्या पुढे कोणाला तरी सुचले आणि पहिल्या लाईनची केबल हाताने ओढून काढली. दिवा विझला, आणि काही सेकंदांत दुसऱ्या लाईनवरून चिठ्ठ्या येऊ लागल्या. पावणेतीन तास रांग उभी होती, आणि इलाज होता एक केबल ओढण्याचा.

यात फायबर तुटली हा कोणाचा दोष असेल तो असो. पण पेटीला दिव्यापलीकडे पाहायला आपण सांगितलेच नव्हते, हा दोष आपला. तो कबूल केलेला बरा.

पाटकऱ्याचा धडा

आपल्याच जिल्ह्यात बागलाणात मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आली. तिथला पाटकरी बंधाऱ्याच्या तोंडाशी पाणी सुटलेले पाहून घरी जात नाही. शेवटच्या शेतात पाणी पोचले का, हे तो पाटाच्या कडेने चालत जाऊन पाहतो. मधे पाट फुटला असेल तर तोंडाशी पाणी भरपूर आणि शेपटाला कोरडे, हे त्याला माहीत असते.

फायरवॉललाही असेच पाटकऱ्याचे काम देता येते. दाराचा दिवा पाहणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे त्या दारातून दूरच्या एखाद्या यंत्राला ठरावीक वेळाने साद घालायची आणि तिकडून ओ येते का ते पाहायचे. या सादेला पिंग म्हणतात. ओ आली नाही, तर दिवा हिरवा असला तरी वाट बंद आहे असे धरून दुसऱ्या लाईनकडे वळायचे. आता आपल्या दोन्ही बाहेरच्या दारांना हे काम लावले आहे.

मात्र साद एकाच ठिकाणी घालून चालत नाही. ते दूरचे यंत्रच बंद असले तर आपली चांगली वाट उगाच बाद होईल. म्हणून साक्षीदार दोन-तीन ठेवायचे, आणि सगळ्यांनी नाही म्हटले तरच वाट बंद धरायची. सगळ्याच वाटांवरून नाही आली, तर कारभार इकडून तिकडे फिरवण्यात अर्थ नसतो. पहाऱ्याचा नियमच अंगावर कसा येतो ते सर्व जगाने पाहिले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक आणि व्हॉट्सॲप बंद पडले ते सुमारे ६ तास. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका हुकमाने त्यांच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले. नावावरून पत्ता सांगणारी त्यांची यंत्रे धडधाकट होती. पण केंद्राशी बोलणे तुटले तर आपला पत्ता जाहीर करणे थांबवावे, असा नियम त्यांना घालून दिलेला होता. सर्वांनी तो एकाच वेळी पाळला आणि फेसबुकचा पत्ताच जगातून पुसला गेला.

एकाच डीपीवरच्या दोन मोटारी

दुसरा धडा मुंबईचा. राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी, आणि बाजार ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. या बाजाराकडे काय कमी होते? दोन ठिकाणांमधल्या लाईनी दोन कंपन्यांच्या होत्या, वाटाही एकाहून अधिक होत्या. पण रस्त्याकडेच्या खोदाईने आणि बांधकामाने त्या एकाच वेळी बाधित झाल्या. त्यातून माहिती साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही, आणि जोखमीचा हिशेब ठेवणारे काम बंद पडले.

शेतकऱ्याला हे लगेच उमगेल. विहिरीवर दोन मोटारी बसवल्या, पण दोन्ही एकाच डीपीवर. डीपी जळाली की दोन्ही मोटारी थंड. राखीव मोटार कामाची ती, जिची वीज वेगळी. म्हणून दोन लाईनी दोन कंपन्यांच्या आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. त्या एकाच चरातून येतात का, एकाच खांबावरून जातात का, हे चालत जाऊन पाहावे. आम्ही पाहिले. गेटपासून आत दोन्ही लाईनी एकाच नळीतून आलेल्या होत्या. आता एक मागच्या बाजूने, बगॅस यार्डाकडून आणली आहे. दोन्ही पेट्यांचे वीज कनेक्शनही एकाच यूपीएसवर होते, तेही वेगळे केले आहे.

राखीवाची चौकशी कोण करतो?

चालू पेटीचे दार पडले तर चिठ्ठ्या अडतात आणि दहा माणसे ओरडत येतात. राखीव पेटीचे दार पडले तर कोणीच ओरडत नाही. ते कळते ती गरज पडेल त्या दिवशी.

हंगामाआधी आम्ही मुद्दाम चाचणी घेतली. चालू पेटीची वीज काढली. राखीव पेटीने कारभार घेतला, बाहेरच्या दोन्ही लाईनी चालल्या, पण काटा दिसेना. शोधता शोधता असे निघाले, की पावसाळ्यात खोलीला रंग देताना राखीव पेटीची यार्डाकडची केबल काढली होती आणि परत लावायची राहिली होती. किती दिवस ती तशी होती, सांगता येत नाही. हे मोळी टाकल्यावर घडले असते तर काय झाले असते, याचा विचार सभासदांनीच करावा. आता राखीव पेटीच्या दारांचीही चालू पेटीइतकीच नोंद ठेवली जाते.

दोन कारभारी आणि लपंडाव

आणखी दोन दुखणी आहेत. दोन पेट्यांमधली ठोक्याची केबलच तुटली तर? चालू पेटी ठणठणीत आहे, पण राखीव पेटीला वाटते ती गेली, आणि तीही कारभार घेते. गावात दोन कारभारी झाले, की निरोप कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे. काम कोणाचेच नाही. म्हणून ठोक्याच्या केबली दोन ठेवायच्या आणि त्या वेगवेगळ्या वाटेने न्यायच्या.

दुसरे दुखणे लपंडावाचे. सैल केबलीचे दार क्षणात पडते, क्षणात उठते. प्रत्येक वेळी कारभार बदलला तर काम होणार कधी? म्हणून दार पडल्यावर थोडे थांबून खात्री करायची. तसेच दुरुस्त होऊन आलेल्या पेटीनेही लगेच कारभार हिसकावून घ्यायचा नाही. ती नीट स्थिर झाली, की दिवसाउजेडी माणसाने तो सोपवायचा.

पूर्ण तुटण्याआधी केबल बहुधा इशारा देते. प्रत्येक दारावर बिघडून आलेल्या निरोपांची मोजणी असते. ती रोज वाढत असेल तर पाट कुठेतरी पाझरतो आहे असे समजावे. केबलीची दोन्ही टोके एकाच वेगाला लावलेली आहेत का, तेही पाहावे. नसतील तर लाईन चालते पण रडतखडत.

आता आपण काय करतो?

१. पाळीगणिक वहीत दोन्ही पेट्यांच्या प्रत्येक दाराची स्थिती, दूरची साद, ठोका आणि बिघडलेल्या निरोपांचा आकडा लिहिला जातो.

२. दार पडले की संगणक खात्याला आणि आम्हाला मोबाईलवर इशारा येतो. पूर्वी हा इशारा ज्या लाईनवरून जायचा तीच तुटली तर तो जाणार कसा, याचा विचार नव्हता. आता त्यासाठी सिमकार्डाचे वेगळे यंत्र आहे.

३. दोन्ही पेट्यांची घड्याळे जुळती ठेवली जातात, म्हणजे काय आधी पडले ते नोंदीवरून कळते. या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात, असा केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेचा २०२२ पासूनचा निर्देशही आहे.

४. बॉयलर अग्निप्रदीपनाआधी पूर्ण चाचणी होते. एकेक केबल काढून, वीज काढून, कारभार बदलतो का आणि शेवटच्या गटाची चिठ्ठी येते का, हे पाहिले जाते. हंगामातही महिन्यातून एकदा, गाळप साफसफाईसाठी थांबते त्या वेळात, कारभार मुद्दाम बदलला जातो.

सभासदांनी काय करावे?

यातले काही काम आपल्याही हाती आहे. पाईपलाईन किंवा ड्रिपसाठी रस्त्याकडेला चर खोदायचा असेल, जेसीबी लावायचा असेल, तर आधी गट ऑफिसला कळवा. केबलीची खूण असलेला दगड दिसला तर तेथे खोदू नका. चिठ्ठी मोबाईलवर निघत नसेल तर स्लिपबॉयकडून कागदी चिठ्ठी घ्या आणि तिचा अर्धा भाग जपून ठेवा. त्यासाठी छापील पुस्तके प्रत्येक गटात दिली आहेत. हुकूम नसताना तोड लावू नका. वजनाचा संदेश उशिरा आला तर घाबरू नका, काट्याच्या पावतीशी तो ताडून पाहा. आणि तक्रार करताना "काल बंद होतं" एवढेच न सांगता किती वाजता, कोणत्या गटात, ते सांगा. वेळ कळली तर आम्हाला वहीत नेमके दार सापडते.

सभेत प्रश्न विचारणाऱ्या वडीलधाऱ्या सभासदांना शेवटी एवढेच सांगू इच्छितो, की दुसरी पेटी बसून राहते हे खरे आहे. शेतातला राखणदारही माळ्यावर बसूनच असतो. त्याला मजुरी देतो ती बसण्याची नव्हे, जागे राहण्याची. आपण डिसेंबरापर्यंत पेटीला बसवले होते, पण जागे ठेवले नव्हते. ती जागी आहे की नाही हे पाहण्याचे काम आमचे, आणि ते होते की नाही हे विचारण्याचा हक्क आपला. पाळीची वही संगणक खात्यात ठेवली आहे. कारखान्यावर आलात तर जरूर पाहून जा.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग